महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना घटना समितीवर कोणी पाठविले, हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी २६ नोव्हेंबरच्या सभेत विचारला जातो. त्याचे उत्तरही ठरलेले असते : बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हा गृहस्थ कोण, कोठला, बाबासाहेबांना निवडून देण्याइतके बळ त्याच्यापाशी कोठून आले आणि पुढे त्याचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षे मीही असेच भाषण करीत आलो, हे आधीच कबूल करतो. मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावे आहेत आणि आमच्या हजेरीपटावर मंडल, विश्वास, सरकार, बैरागी अशी आडनावे असतात. एका वर्षी भाषण संपल्यावर एका मंडल आडनावाच्या मुलाने मला विचारले, की सर, ते आमच्यातले होते काय? होते, एवढेच मी सांगू शकलो. त्यापुढे मला काही ठाऊक नव्हते. नंतर मी जे वाचले, ते येथे मांडतो.

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालच्या बाकरगंज जिल्ह्यात, गौरनदी ठाण्याच्या हद्दीतील मैस्तारकांदी या खेड्यात झाला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे बरिसाल, म्हणून लोक जिल्ह्यालाही बरिसालच म्हणत. हा सारा नद्या, खाड्या आणि पाणथळ जमिनीचा मुलूख. पावसाळ्यात एका घरून दुसऱ्या घरी जायचे तर होडी लागे. त्या पाण्यात उभे राहून भात पिकविणारी, होड्या चालविणारी आणि मासे धरणारी जात म्हणजे नामशूद्र. त्यांना पूर्वी चांडाळ म्हणत. सरकारी कागदावरील हे नाव काढून टाकण्यासाठी त्यांना कित्येक वर्षे अर्ज करावे लागले, तेव्हा कोठे १९११ च्या खानेसुमारीत नामशूद्र हे नाव लागले. आपल्या महाराष्ट्रातील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की हा समाज मुकाट्याने सोसणारा नव्हता. १८७२-७३ साली फरीदपूर-बाकरगंज भागात एका नामशूद्र पुढाऱ्याच्या घरच्या श्राद्धाचे जेवण वरच्या जातींनी नाकारले. तेव्हा नामशूद्रांनी त्यांची सर्व कामे कित्येक महिने बंद ठेवली. महाडच्या सत्याग्रहाच्या अर्धशतक आधीची ही घटना आहे. पुढे ओराकांदीचे हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी मतुआ पंथाच्या मार्गाने या समाजाला संघटित केले. गुरुचांदांनी तर देवळापेक्षा शाळेवर भर दिला. त्या शाळांच्या पुण्याईने जी पहिली शिकलेली पिढी तयार झाली, तीतले जोगेंद्रनाथ होत.

वडील रामदयाल शेतकरी. मुलगा १९२४ साली मॅट्रिक झाला, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी. आमच्यासारख्या घरांतून शिकलेल्यांना या विसाव्या वर्षाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मध्ये वर्षे वाया जातात ती नापास होऊन नव्हे, तर फी आणि पोट यांच्या ओढाताणीत. बरिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून १९२९ साली ते बी. ए. झाले आणि १९३४ साली कलकत्त्यास कायद्याची पदवी घेतली. १९३६ साली त्यांनी आधी कलकत्त्यास वकिली सुरू केली आणि त्याच वर्षी ती सोडून बरिसालला परतले. खेड्यातील कुळे, सावकाराचे कागद, जमीनदाराचे फिर्यादी कारकून, हाच त्यांचा अशीलवर्ग. पुढारी होण्यापूर्वी ते अशा लोकांचे वकील होते.

पुणे कराराप्रमाणे बंगालच्या २५० सभासदांच्या विधानसभेत अस्पृश्यांना ३० राखीव जागा मिळाल्या होत्या. १९३७ च्या निवडणुकीत जोगेंद्रनाथ उभे राहिले, पण राखीव जागेवर नव्हे. बाकरगंज ईशान्य या सर्वसाधारण ग्रामीण मतदारसंघातून, अपक्ष म्हणून. समोर काँग्रेसचे जिल्हाध्यक्ष सरलकुमार दत्त होते. बरिसालचे थोर पुढारी अश्विनीकुमार दत्त यांचे ते पुतणे, आणि ज्या ब्रजमोहन कॉलेजात जोगेंद्रनाथ शिकले ते कॉलेज अश्विनीकुमारांनीच काढलेले! घराणे, पैसा, काँग्रेसचे नाव सारे एका बाजूस, आणि दुसऱ्या बाजूस एक वर्ष जुना वकील. जोगेंद्रनाथ निवडून आले. बरिसालच्या जिल्हा बोर्डावरही त्याच सुमारास ते गेले. राखीव जागा म्हणजे आमच्यावर केलेली मेहेरबानी, असे आजही जे बोलतात त्यांनी हा निकाल एकदा पाहावा.

सुरुवातीस ते मुस्लिम लीगचे मित्र नव्हते. विधानसभेत अनुसूचित जातींच्या अपक्ष सभासदांचा त्यांनी गट बांधला आणि शरच्चंद्र व सुभाषचंद्र बोस बंधूंच्या बाजूने ते विरोधी बाकांवर बसले. १९४० साली कलकत्ता कॉर्पोरेशनवर निवडून गेले तेही बोस गटाच्या साह्याने. पण सुभाषबाबूंना काँग्रेसने दूर केले आणि ते देश सोडून गेले. त्यानंतर बंगाल काँग्रेसमध्ये खेड्यातील नामशूद्राचे ऐकून घेणारे कोणी उरले नाही, असे त्यांचे मत झाले. बंगालचे राजकारण ब्राह्मण, कायस्थ आणि वैद्य या तीन जातींच्या भद्रलोकांच्या हातात होते. जमीनदार तेच, वकील तेच, वर्तमानपत्रे त्यांची, काँग्रेसही त्यांची आणि हिंदू महासभाही त्यांचीच. उलट खेड्यात नामशूद्र शेतकरी आणि मुसलमान शेतकरी एकाच पाण्यात उभे होते, एकाच सावकाराचे देणेकरी होते. या दोघांचे आर्थिक हित एक आहे, हा जोगेंद्रनाथांचा साऱ्या आयुष्याचा सिद्धांत होता. तो कागदावर चुकीचा नव्हता. त्याची परीक्षा मात्र पुढे रक्ताने झाली.

एप्रिल १९४३ मध्ये ख्वाजा नझीमुद्दीन यांच्या लीग मंत्रिमंडळाला त्यांनी आपल्या वीसेक सभासदांचा पाठिंबा दिला. तो फुकट दिला नाही. अनुसूचित जातींचे तीन मंत्री, तीन पार्लमेंटरी सेक्रेटरी, शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत प्रमाणशीर भरती, अशा त्यांच्या अटी होत्या. त्यांच्याकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा हे खाते आले. त्याच वर्षी त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली आणि बाबासाहेबांना आपला नेता मानले.

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. सुमारे तीस लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली. ती माणसे कोण होती? शेतमजूर, मच्छीमार, नावाडी. म्हणजे जोगेंद्रनाथांचेच मतदार. लष्कराने जपानी येतील म्हणून होड्या जप्त केल्या, भाताचे साठे हलविले. मुख्य दोष इंग्रज सरकारचा खराच. पण मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाला लोक विचारणारच, की तुम्ही तेथे काय करीत होता? पाच लाखांच्या शिष्यवृत्त्या आणि तीस लाख प्रेते हा हिशेब कोणाही मंत्र्याला जुळविता आला नसता. मी त्यांना दोषी धरीत नाही, पण केवळ गौरव करायचा म्हणून हे वर्ष गाळणेही मला बरोबर वाटत नाही.

१९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा देशभर पराभव झाला. मुंबईतही झाला, हे आपण जाणतो. बंगालमध्ये फेडरेशनचे म्हणून एकटे जोगेंद्रनाथ निवडून आले, बाकी बहुतेक राखीव जागा काँग्रेसने घेतल्या. सुऱ्हावर्दींच्या नव्या मंत्रिमंडळात ते पुन्हा मंत्री झाले. तेवढ्यात घटना समितीच्या निवडणुका आल्या. मुंबईच्या विधानसभेतून बाबासाहेब निवडून येण्याची शक्यता उरली नव्हती. ते कलकत्त्यास आले. युरोपियन सभासदांच्या मतांची काही आशा होती, पण त्यांनी मतदान न करण्याचे ठरविले. तेव्हा जोगेंद्रनाथ पुढे झाले.

आता भाषणांतील दोन चुका दुरुस्त करून घेऊ. बाबासाहेब जैसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले, असे आपण सर्रास म्हणतो. घटना समितीसाठी जिल्ह्यांचे मतदारसंघच नव्हते. प्रांतिक विधानसभेचे सभासद पसंतीक्रमाने मते देत, आणि बंगालच्या विधानसभेने बाबासाहेबांना निवडून दिले. दुसरी चूक आपल्या विरोधकांची. ते म्हणतात की बाबासाहेबांना मुस्लिम लीगने निवडून दिले. कॅबिनेट मिशनच्या योजनेत मुसलमान सभासदांनी मुसलमान जागांसाठी आणि इतरांनी सर्वसाधारण जागांसाठी मत द्यायचे होते. म्हणून बाबासाहेबांना पडलेले एकही मत लीगच्या मुसलमान सभासदाचे असू शकत नाही. सर्वसाधारण जागा २७ होत्या, म्हणजे एका जागेला चार-पाच पहिल्या पसंतीची मते पुरत. पण जोगेंद्रनाथांपाशी स्वतःचे एकच मत होते! उरलेली मते काँग्रेसच्या शिस्तीत अडकलेल्या किंवा अपक्ष असलेल्या अनुसूचित जातींच्या सभासदांकडून आणायची होती. पक्षाचा हुकूम मोडून मत देणे म्हणजे पुढचे तिकीट घालविणे. जोगेंद्रनाथ आणि त्यांचे सहकारी एकेकाला भेटले, आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब निवडून आले. जिल्ह्याच्या आणि प्रांताच्या राजकारणात दहा वर्षे माणसे जोडलेली होती, तिचे हे फळ होय.

त्यानंतर महिन्याच्या आत १६ ऑगस्ट १९४६ उजाडला. लीगच्या प्रत्यक्ष कृती दिनी कलकत्त्यात हजारो माणसे कापली गेली. ऑक्टोबरमध्ये नोआखाली पेटले. तेथे नामशूद्रही मारले गेले, कित्येकांचे जबरीने धर्मांतर झाले. हिंदू समाजाने जोगेंद्रनाथांचा राजीनामा मागितला. त्यांनी दिला नाही. उलट याच महिन्यात दिल्लीच्या हंगामी सरकारात लीगने आपल्या पाच जागांपैकी एक त्यांना दिली, आणि ते कायदा खात्याचे मंत्री झाले. लीगला दाखवायचे होते, की काँग्रेस जर मुसलमान मंत्री नेमू शकते तर आम्हीही अस्पृश्य मंत्री नेमू शकतो. जोगेंद्रनाथांना हे कळत नसेल असे नाही. त्या खुर्चीवरून समाजाचे काही साधता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

१९४७ साली बंगालच्या फाळणीला त्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते. बरिसाल, फरीदपूर, जैसोर, खुलना हा नामशूद्रांचा गाभा. बंगाल फोडला तर तो पूर्वेकडे जाईल, भद्रलोक कलकत्ता घेऊन मोकळे होतील आणि जमिनीला बांधलेला शूद्र मागे राहील. घडले नेमके तेच. ज्यांच्याजवळ कलकत्त्यात घर, नोकरी वा नातलग होते ते आधी गेले. ज्याच्यापाशी चार बिघे ओली जमीन आणि एक होडी होती, तो कोठे जाणार?

ते स्वतः पाकिस्तानात राहिले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानची घटना समिती प्रथम भरली तेव्हा तिचे तात्पुरते अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी जिनांनी त्याच सभागृहात सांगितले, की कोण कोणत्या धर्माचा याच्याशी राज्याला कर्तव्य नाही. जोगेंद्रनाथांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. ते पाकिस्तानचे पहिले कायदा व मजूरमंत्री झाले. इकडे दिल्लीत त्याच आठवड्यात बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाची शपथ घेतली. बंगालच्या फाळणीने बाबासाहेबांची घटना समितीतील जागा गेली होती आणि जुलैत मुंबईतून ते पुन्हा निवडून आले होते. एका उपखंडाचे दोन देश झाले आणि दोन्ही देशांचे पहिले कायदेमंत्री अस्पृश्य म्हणून जन्मलेले, एकाच फेडरेशनचे नेते! इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य मला अजून आढळलेले नाही.

परंतु बाबासाहेबांचे मत वेगळे होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पत्रक काढून पाकिस्तानातील अस्पृश्यांना बजावले, की मिळेल त्या मार्गाने भारतात या, लीगवर विसंबू नका. कराचीतील सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली जाऊ दिले जात नव्हते, याबद्दल त्यांनी नेहरूंना लिहिले. नेत्याचा शब्द एक आणि बंगालच्या शिष्याचा मार्ग दुसरा. या बाबतीत बाबासाहेबांची दृष्टी अचूक ठरली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये जिना वारले. मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीने सार्वभौमत्व अल्लाचे आहे, असा उद्दिष्टांचा ठराव केला. मंत्री असूनही जोगेंद्रनाथांकडे येणाऱ्या तक्रारींचा निकाल लागेनासा झाला. गोपालगंजजवळ दिघीरकुल येथे, सिल्हेटमध्ये हबीबगढला आणि खुद्द त्यांच्या गौरनदी ठाण्यातही पोलिसांनी नामशूद्रांवर अत्याचार केले. २० डिसेंबर १९४९ रोजी खुलना जिल्ह्यातील कालशिरा गावी कम्युनिस्ट शोधण्यासाठी गेलेल्या पोलिसांच्या तुकडीतील एक शिपाई मारला गेला. त्याचा सूड म्हणून आसपासची बावीसेक गावे लुटली गेली. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाक्यात आणि मग बरिसालमध्ये कत्तली झाल्या. ज्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले, त्या जिल्ह्यातील मुलादीच्या बंदरावर आसऱ्याला आलेल्यांची प्रेते पडली. मंत्री जोगेंद्रनाथ तेथे फिरले आणि लोकांच्या तोंडून सारे ऐकले. त्यांच्या अंदाजाने पूर्व बंगालात सुमारे दहा हजार माणसे मारली गेली.

एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला. तो पाळला जाणार नाही, याची काही महिन्यांत त्यांची खात्री पटली. ते कलकत्त्यास आले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी तेथून पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनामा पाठविला. हे पत्र फार लांब आहे. त्यात गावांची नावे आहेत, तारखा आहेत, आकडे आहेत. शिक्षक म्हणून मला त्या पत्रात सर्वांत मोठे वाटते ते हे, की १९४३ पासून लीगशी सहकार्य का केले, कोणत्या अटींवर केले आणि कलकत्ता व नोआखालीनंतरही का केले, हे त्यांनी क्रमवार लिहून ठेवले आहे. आपली चूक इतक्या तपशिलाने स्वतः नोंदविणारा पुढारी मला दुसरा ठाऊक नाही. पूर्व पाकिस्तानात हिंदूंना यापुढे मानाने राहता येणार नाही, हाच त्या पत्राचा निष्कर्ष होता. सात वर्षांच्या आपल्याच राजकारणाविरुद्ध दिलेला हा निकाल होता.

पुढची अठरा वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच संपविली गेली. पाकिस्तानात ते देशद्रोही ठरले. कलकत्त्याच्या भद्रलोकांनी त्यांना जोगेन अली मोल्ला असे कुचेष्टेचे नाव दिले. निर्वासितांच्या छावण्यांत ते हिंडले. नामशूद्र निर्वासितांना बंगालबाहेर, दंडकारण्याच्या जंगलात पाठविण्याच्या सरकारी धोरणाला त्यांनी विरोध केला. वरच्या जातींच्या निर्वासितांना कलकत्त्याभोवती वसाहती मिळाल्या आणि भात-मासळीवर जगणाऱ्यांना कोरड्या माळावर पाठविले, हे उघड होते. पुढे ते रिपब्लिकन पक्षाचेही काम करीत होते. निवडणुकांना कित्येकदा उभे राहिले, एकदाही निवडून आले नाहीत. फाळणीने त्यांचे मतदारच विखुरले होते. काही सीमेपलीकडे राहिले, काही छावणीत, आणि काही आमच्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. ज्यांची ४० गावे एका मतपेटीत येत होती, ती माणसे दहा राज्यांत पांगली. पुष्कळ ठिकाणी तर त्यांची जातही अनुसूचित जातींच्या यादीत नाही. महाराष्ट्रातही नामशूद्रांना त्यासाठी कित्येक दशके अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या आहेत.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे, निवडणुकीच्या कामात असतानाच, जोगेंद्रनाथांचे निधन झाले. बनगाव हे सीमेवरचे गाव. फाळणीपूर्वी ते जैसोर जिल्ह्यातच होते.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. त्याचे आजोबा बरिसालचे. १९५० साली सहा वर्षांचे असताना आईबापांबरोबर निघाले आणि निरनिराळ्या छावण्यांत वाढले. मी जोगेनबाबूंचे नाव काढले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की त्यांचे वडील १९४७ साली निघायला तयार झाले होते, होडीही ठरली होती, पण आपला माणूस मंत्री झाला आहे, आता भिण्याचे कारण नाही, म्हणून थांबले. त्या तीन वर्षांत त्यांची एक बहीण गेली. कशी गेली हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी पिशवीतून फोटो काढला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला, नातवाला जवळ बोलावून दाखविला आणि मला विचारले, की सर, हा ठेवून घेऊ काय? आता तो त्यांच्या ओसरीवर आहे, हरिचांद-गुरुचांदांच्या तसबिरीच्या खालच्या खिळ्याला.